मागं काही न ठेवणारं पाणी

मलम फुटलं की ते नासलेल्या दुधासारखं दिसतं. वर तेल, खाली पाणी आणि मधे मेणाचे बारीक बारीक गोळे. त्या हिवाळ्यात चारठाण्याच्या आमच्या स्वयंपाकघरात असं फुटलेलं मलम मी कितीदा तरी राखेत ओतलं. दरवेळी आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, भाकरी थापता थापता मान न वळवता विचारायच्या, "झालं का गं तुझं ताक घुसळून?"

मलम निलूसाठी होतं. निलू माझी मुलगी, नुकती रांगायला लागलेली. थंडी पडली तसे तिचे गाल आधी लाल झाले, मग खरखरीत, मग उलले. कोपरांच्या न् गुडघ्यांच्या घड्यांत चिरा पडल्या. रडली की गालांवर रक्ताचे बारीक टिपके उमटायचे, त्यांत आसवं झोंबायची, आणि झोंबली की ती आणखी रडायची. जिंतूरच्या हकिमांच्या लेपानं आग होऊन रात्रभर तिला कुणी खाली ठेवू शकलं नाही. हैदराबादला डबीतलं विलायती क्रीम मिळायचं, पण जर्मनची लढाई चालू होती. ह्यांनी सेलूपासून परभणीपर्यंत सगळ्या दुकानांत विचारलं. डबी कुठंच नव्हती.

मला भीती होती ती एकाच गोष्टीची. उललेल्या कातडीतून काहीही आत शिरतं. माझ्या कॉलेजच्या वसतिगृहातल्या आयाचं बाळ गालावरच्या एवढ्याशा जखमेनं बघता बघता गेलं होतं. ते मी जवळून पाहिलं होतं. म्हणून रोज सकाळी दारातल्या उन्हात निलूला उताणी ठेवून मी तिला डोक्यापासून पायापर्यंत तपासायची. कुठली चीर वाढली, कुठली मिटली. तिच्या अंगावरची खूण न् खूण मला पाठ होती. डाव्या गुडघ्याच्या वर तुरीच्या डाळीएवढा तपकिरी डाग, कानामागं तीळ, तळहातावर एकच लांब आडवी रेघ.

"लेकराला इतकं निरखून बघू न्हाई," आत्याबाई म्हणायच्या. "आईची बी नजर लागती." मग तिच्या कपाळावर विभूतीची तीन बोटं ओढायच्या आणि गालावर काजळाची तीट लावायच्या, ती चीर चुकवून.

मलमाची कृती मी हैदराबादच्या जनाना कॉलेजात शिकले होते. इंटरला मी शास्त्र घेतलं होतं, आणि आम्हांला रसायन उर्दूत शिकवत. मधमाशीचं मेण, बदामाचं तेल, चिमूटभर टाकणखार आणि पाणी. आमच्या बाई म्हणायच्या, बाकीचं कुणालाही जमतं, पाणी तेवढं पारखून घ्या. जड पाण्यात चुना असतो, तो मेणाला तेलाशी नांदू देत नाही. पाणी हवं आब-ए-मुकत्तर, म्हणजे वाफ करून थंड केलेलं, ज्यात पाण्याशिवाय दुसरं काही नाही असं. त्या प्रयोगशाळेतच माझ्या डाव्या अंगठ्याच्या बुडाशी तेजाबाचा, म्हणजे ॲसिडचा, थेंब पडला होता. चण्याच्या डाळीएवढा पांढरा, चकचकीत डाग राहिला. इंटर होताच माझं लग्न झालं, पुढं शिकायचं राहिलं. हे त्या डागाला माझी पदवी म्हणायचे.

तर मी पाणी पारखायला बसले.

आमच्या घरच्या आडाचं पाणी गोड, पण हंड्याच्या काठाला पांढरं किटण धरायचं. साबण त्यात फेसायचा नाही, नुसता त्याचा दह्यासारखा साका व्हायचा. ओढ्याचं पाणी त्याहून बरं, पण गढूळ. तुरटी फिरवली तरी तांबूस. पावसाचं पाणी चाललं असतं, पण पाऊस जाऊन महिने झाले होते. कंदिलाच्या फुटक्या काचेचा एक तुकडा मी घासून घेतला, सुईनं त्यावर ओरखडे ओढून खण पाडले, आणि एकेका खणात एकेका पाण्याचा थेंब ठेवून तो उन्हात वाळवला. आडाच्या थेंबाचं विभूतीसारखं पांढरं कडं उरलं. ओढ्याच्या थेंबाचं मातकट.

मग मी पातेल्यात पाणी उकळून, वर उलटं झाकण ठेवून वाफ धरून पाहिली. वाटीभर पाणी निघायला सगळी सकाळ गेली, आणि त्याला धुराचा वास. हे कापसाच्या जिनिंगहून जेवायला आले, चुलीवरची ती मांडणी बघून दारातच थबकले.

"आबकारीचा जवान आला तर काय सांगू?" ते म्हणाले. "बायको मुलीच्या गालासाठी हातभट्टी लावायलीय म्हणून?"

मला हसू आलं आणि लगेच रडूही. निलू तेव्हा आत्याबाईंच्या मांडीवर हुंदके देत होती.

बारवेचं नाव कडूबाईंनी काढलं. कडूबाई शेजारच्या, त्यांचं शेत गावाबाहेर जुन्या देवळांच्या पलीकडं. त्या ताक घेऊन आल्या होत्या. म्हणाल्या, आमच्या शेताकडच्या बारवेचं पाणी लय हलकं, तुरीची डाळ दोन उकळ्यांत गळती. मग पीत का नाही कुणी, मी विचारलं. "फिकं लागतंय," त्या म्हणाल्या. "पिल्यासारखं वाटतच न्हाई. तहान जाती, पण पाणी पिलं हे ध्यानात ऱ्हात न्हाई."

आत्याबाईंचा हात भाकरीवर थांबला. बारवेचं पाणी आणायचं तर रीत असते, त्या म्हणाल्या. पाण्याला आधी तीट लावायची. उतरून खालच्या पायरीवर काजळाचं बोट टेकवायचं, मग घागर बुडवायची. त्यांच्या सासूनं त्यांना तसंच सांगितलं होतं, का ते सांगितलं नव्हतं.

मी म्हटलं, आत्याबाई, काजळ म्हणजे तूप आणि काजळी. त्याचा कणही माझ्या पाण्यात आला तर एवढी पारख करून काय उपयोग? त्यांनी पुष्कळ कुरकुर केली. मीच येऊन लावते म्हणाल्या, पण त्यांचे गुडघे त्या पायऱ्या उतरण्यासारखे नव्हते. तेवढ्यात निलूनं गाल त्यांच्या लुगड्याला घासला आणि लुगड्यावर रक्ताची रेघ उमटली. आत्याबाई त्या रेघेकडं बघत राहिल्या. "जा," त्या म्हणाल्या. "कसं बी आण, पण आण."

उकळून घेतलेली बाटली घेऊन मी कडूबाईंबरोबर गेले. त्या वर काठावर गवत काढत बसल्या, मी उतरले. बारव चौकोनी, काळ्या दगडाची, चारी बाजूंनी पायऱ्या. भिंतींत कोनाडे, त्यांत मूर्ती. वरच्या कोनाड्यांतल्या मूर्तींना नाक-डोळे होते, खाली खाली येत गेले तसे चेहरे गुळगुळीत होत गेले होते. आतला गारवा चांगला होता. पाणी तळाचा दगड दिसेल इतकं नितळ.

एक गोष्ट मला तिथं खटकली. कुठल्याही आडाला, बारवेला पाण्याची रेघ असते. पाणी चढतं, उतरतं, दगडावर पांढरा नाहीतर हिरवा पट्टा उरतो. इथं तसा पट्टा नव्हता. शेवाळही नव्हतं. खालच्या पायऱ्यांवर छिन्नीचे घावसुद्धा दिसत नव्हते. मी माझी बोटं पदराला स्वच्छ पुसली, डोळ्यांतलं काजळ बोटांना लागलेलं नाही ना ते पाहिलं, आणि बाटली बुडवली. हवेचा बुडबुडा आला की नाही, आठवत नाही. आवाज मात्र झाला नव्हता.

घरी येऊन काचेवर थेंब ठेवला. वाळल्यावर काहीच उरलं नाही. कडं नाही, ठिपका नाही, धूळही नाही. उघड्या बारवेत वाफेच्या पाण्याहून स्वच्छ पाणी! मी काच उन्हात तिरपी करकरून पाहिली. तेव्हा दिसलं की त्या खणाच्या कडेचा ओरखडा, जो मीच सुईनं ओढला होता, तिथं नव्हता. बाकीचे होते. त्या थेंबापाशी येऊन ते संपत होते आणि पलीकडं पुन्हा सुरू होत होते. सुई तिथं नीट टेकली नसेल, असं मी मनाशी म्हटलं.

मलम पहिल्याच फटक्यात जमलं. मी इतकं पांढरं मलम कॉलेजातही पाहिलं नव्हतं. साईसारखं मऊ, त्याला वासच नाही, मेणाचासुद्धा. चिनीमातीच्या बरणीत भरलं. त्याच दुपारी निलूच्या गालांना, कोपरांना, गुडघ्यांना लावलं आणि बसून राहिले. ती रडायची थांबली. संध्याकाळी चिरांची तोंडं मिटली होती. सकाळी दारातल्या उन्हात पाहिलं तर गाल सपाट, मऊ, उकडलेल्या रताळ्याच्या गरासारखे.

मी आत्याबाईंच्या गळ्यात पडले. त्याही हसल्या, म्हणाल्या, "बरं झालं बाई शिकलीस ते." आणि स्वतःचे हात पुढं केले. त्यांच्या हातांना शेणाच्या न् राखेच्या भेगा होत्या. मी त्यांच्या तळव्यांना लावलं, मनगटांना, त्याच्या थोडं वरपर्यंत. मग निलूला सगळ्या अंगालाच लावायला लागले, रोज आंघोळ झाल्यावर, डाव्या हातात बरणी आणि उजव्या हाताच्या बोटांनी. किती बरं वाटत होतं ते सांगता येत नाही. घरात रडणं नव्हतं. रात्री झोप होती. हे म्हणाले, आता पदवी पुरी झाली तुझी.

बरणीत बोटं घालून घेतलेला खळगा दुसऱ्या सकाळी नसायचा. मलम वरून सपाट असायचं. चुलीच्या उबेनं सैल होत असेल, असं मी धरून चालले.

मग एकदा ह्यांनी जेवताना भाकरी उलटीपालटी करून पाहिली. "आई, ही साच्यातून काढलीस की काय?" आत्याबाई थापीव भाकरी करायच्या, त्यांच्या बोटांचे ठसे भाकरीवर गोल उमटायचे, आम्ही त्यावरूनच त्यांची भाकरी ओळखायचो. ही भाकरी कशी होती, तर पाटीसारखी. आत्याबाई म्हणाल्या, पीठ बदललंय.

त्यानंतर विभूती राहीना. निलूच्या कपाळावर आत्याबाई तीन बोटं ओढायच्या आणि विभूती भुरुभुरु तिच्या नाकावरून खाली यायची. पाणी लावून ओढली तरी तेच. काजळाची तीट गालावर लावली की थेंबासारखी गोळा व्हायची आणि ओघळून कानाशी जायची. मागं काळी रेघही राहायची नाही. आत्याबाईंनी काजळ बदललं, नव्या तुपाचं पाडलं. मी म्हटलं, तेलकटपणामुळं असेल.

एका सकाळी मी निलूला दारातल्या उन्हात ठेवलं. खरं म्हणजे बरं वाटायला लागल्यापासून मी तिला तपासायचं सोडलं होतं. आता पुन्हा बघितलं. डाव्या गुडघ्याच्या वरचा तपकिरी डाग नव्हता. मी उजवा गुडघा पाहिला. मग कानामागं पाहिलं. तीळ नव्हता. मी तिची मूठ उघडली. ती हसत होती, तिनं मूठ सहज उघडू दिली. तळहात चमच्याच्या पाठीसारखा होता. रेघ नाही, एकही नाही. बोटांच्या टोकांवर चक्रं नाहीत.

मी स्वतःच्या उजव्या हाताची बोटं उन्हात धरली. तर्जनी, मधलं, अनामिका. तिन्हींची टोकं काचेसारखी.

निलू किती तरी दिवसांत रडली नव्हती, हे मला त्या क्षणी जाणवलं. पडली तरी नाही, भूक लागली तरी नाही. मी ते सुख समजले होते.

मागून आत्याबाईंनी हाक मारली. त्या बाही वर करून उभ्या होत्या. त्यांच्या मनगटापासून कोपरापर्यंत गोंदण होतं, हिरव्या ठिपक्यांची वेल, लहानपणी बोरी गावच्या आजोळी गोंदवलेली. वेल निम्मी उरली होती. कोपराकडचे ठिपके होते, मनगटाकडं कोरी कातडी.

"डोळे गेले का गं माझे?" त्यांनी विचारलं.

"नाही, आत्याबाई."

त्या उंबऱ्यावर बसल्या. मेल्यावर सोनं-नाणं सगळं इथंच काढून घेतात, त्या म्हणाल्या, वर नेता येतं ते एवढं गोंदणच. त्यांचा आवाज स्थिर होता, पण त्या मनगट चोळत होत्या, पुसलं गेलेलं परत वर येईल असं. मी त्यांना निलूचे तळवे दाखवले. त्यांनी एकदाच पाहिलं आणि ते आपल्या हातांत मिटून धरले.

अंगण सकाळीच शेणानं सारवलेलं होतं, अजून ओलं. आम्ही बोलण्याच्या नादात असताना निलू माझ्या मांडीवरून उतरली आणि रांगत अंगणात गेली. आत्याबाई सवयीनं म्हणाल्या, "धर तिला, सारवण उखडंल." मी उठले आणि तिथंच थांबले.

निलू अंगण ओलांडून तुळशीपाशी जाऊन बसली होती. ओल्या सारवणावर आत्याबाईंनी खराट्यानं ओढलेल्या अर्धगोल वळ्या जशाच्या तशा होत्या. तिच्या हातांचे ठसे नव्हते. गुडघ्यांचे नव्हते. तिचे तळवे स्वच्छ होते.

ती आमच्याकडं बघून हसत होती. अंगावर काहीच न ठेवलेलं माझं लेकरू.

"चल बारवेवर," आत्याबाई म्हणाल्या.

ह्यांना बोलवायला आम्ही थांबलो नाही. निलूला मी कडेवर घेतलं, आत्याबाईंनी मलमाची बरणी, उरलेल्या पाण्याची बाटली आणि काजळाची डबी पदरात बांधली. ऊन वर आलं होतं. देवळांपाशी कुणी नव्हतं. कडूबाईंच्या शेतात मोटेचा आवाज येत होता, आणि त्या आवाजानं मला धीर आला. बारवेच्या पायऱ्या आत्याबाई बसत बसत उतरल्या, एकेक पायरी, माझा खांदा धरून.

खालच्या पायरीवर त्यांनी बरणी पाण्यात उपडी केली. मेण आणि तेल पाण्यावर तरंगायला हवं. पांढरा गोळा पडला आणि नाहीसा झाला. तवंगही उठला नाही. बाटली ओतली तेव्हा पाण्यात पाणी पडल्याचा आवाज झाला नाही.

मग आत्याबाईंनी बोट काजळात बुडवून दगडावर टेकवलं.

काजळ ओघळलं. दगड कोरा.

त्यांनी पुन्हा लावलं. पुन्हा कोरा. त्यांच्या बोटावर ठसाच उरला नव्हता, तो दगडावर कसा उमटणार?

मी वाकले आणि पाण्यात पाहिलं.

पाण्यात मी होते, आत्याबाई होत्या, वरचं आभाळ होतं. माझ्या कडेवर निलू होती. तिचे गाल उललेले होते. त्यांवर रक्ताचे टिपके होते. कपाळावर विभूतीची तीन बोटं होती, गालावर तीट होती, एकावर एक लावलेल्या किती तरी तिटा. तिचं तोंड उघडं होतं. ती जीव तोडून रडत होती.

माझ्या कडेवरची निलू शांत होती. तीही खाली बघत होती.

पाण्यात आत्याबाईंच्या हातावर पुरी वेल होती, आणि त्यांच्या मागच्या पायऱ्यांवर काय होतं ते मी नीट पाहिलं नाही. पायऱ्या रिकाम्या नव्हत्या, लुगड्यातल्या बायका होत्या, एवढं सांगते.

"मी लावते," मी म्हणाले.

उजवा हात उपयोगाचा नव्हता. मी निलूला आत्याबाईंकडं दिलं आणि डावा अंगठा काजळात बुडवला. डाव्या हातानं मी नेहमी बरणी धरली होती. त्या हाताला मलम कधी लागलं नव्हतं. अंगठा बुडासकट टेकेल असा, सगळा जोर लावून दगडावर दाबला.

दगड गार होता. मग गार राहिला नाही.

मी हात उचलला.

दगडावर अंगठा उमटला होता. रेघ न् रेघ दिसत होती, आणि बुडाशी चण्याच्या डाळीएवढी पांढरी जागा. माझ्या हातावर ती नव्हती. तेजाबाचा डाग गेला होता.

पाणी एकदा हललं.

आणि निलू रडली. बारवेच्या चारी भिंतींवरून तो आवाज आपटून आला. ती लाल झाली, तिनं पाठ ताणली, आत्याबाईंच्या हातांतून निसटेल इतकं हातपाय झाडले. तिच्या गालांवर माझ्या डोळ्यांदेखत चिरा उमटल्या, आणि त्यांत आसवं झोंबून ती आणखी रडली. मी तिला छातीशी घेतलं आणि तिचा तो ओला, खरखरीत, रक्ताळलेला गाल माझ्या गालाला लावला. मला हसू आवरेना. आत्याबाई पायरीवर बसून राहिल्या होत्या, म्हणत होत्या, "रड माय, रड. लय रड."

वर आलो तेव्हा कडूबाई मोट सोडून धावत आल्या होत्या. लेकराला काय झालं म्हणाल्या. आत्याबाईंनी सांगितलं, काही न्हाई, भूक लागली तिला.

संध्याकाळी ह्यांना सगळं सांगितलं. त्यांनी माझा डावा अंगठा कंदिलापाशी धरून उलटसुलट पाहिला. "पदवी परत घेतली म्हणायची," एवढंच म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी जिनिंगला गेले नाहीत, घरीच निलूला घेऊन बसले.

निलूचे गाल मी साध्या लोण्यानं बरे केले. उशीर लागला. थंडी ओसरली, वारा बदलला, तेव्हा कुठं चिरा मिटल्या. तोवर रोज रडणं होतं, रोज रात्री जागणं होतं, आणि रोज सकाळी दारातल्या उन्हात मी देवाचे आभार मानत तिला तपासत होते. गुडघ्याच्या वरचा डाग आधी फिका, मग पहिल्यासारखा झाला. कानामागं तीळ आला. तळहातावर आडवी रेघ उमटली, तीच, त्याच जागी. एकदा आत्याबाईंनी सारवलेल्या अंगणात निलूनं हातांचे ठसेच ठसे उठवले, सगळं सारवण उखडून टाकलं. आत्याबाईंनी ते परत सारवलं नाही. वाळून जाईपर्यंत तसंच ठेवलं, त्यावरून कुणाला चालूही दिलं नाही.

भाकरीवर बोटं परत आली. माझ्या उजव्या हाताची चक्रं आली. तेजाबाचा डाग तेवढा आला नाही, आणि मी त्याची वाट पाहिली नाही. ती गोष्ट मी दिलेली होती.

शिमग्याच्या सुमाराला मी निलूला आंघोळ घालत होते. हनुवटी पुसताना तिथं एक ठिपका दिसला, बरोबर मधोमध. मळ असेल म्हणून चोळलं. निघाला नाही. हिरवट होता. गोंदणाचा.

मी आत्याबाईंना हाक मारली. त्यांनी वाकून पाहिलं आणि मोकळ्या हसल्या. त्यांच्या हातावरची वेल तोवर परत आली होती. "बघ चोरटी," त्या म्हणाल्या, "परत देताना घोळ झाला वाटतं. माझा एक ठिपका हिनं पळवला." मलाही हसू आलं. एका ठिपक्याचं काय एवढं, आजीचा नातीला गेला. आम्ही दोघी इतक्या हलक्या झालो होतो की ते आम्हांला गमतीचंच वाटलं.

मग त्या दारातल्या उजेडात बसल्या, बाही वर केली आणि बोट ठेवत ठेवत वेल मनगटाकडून मोजत गेल्या. ही वेल त्यांना लहानपणापासून पाठ होती. कोपरापर्यंत आल्या. पुन्हा मनगटापासून सुरू केलं, या वेळी सावकाश.

"माझे समदे हायेत," त्या म्हणाल्या.

मी निलूला उजेडात धरलं. ठिपका ताजा नव्हता. नव्या गोंदणाची कड कशी रेखीव असते. याची कड पसरलेली होती, रंग विटून राखी झाला होता. उन्हात सबंध जन्म काढलेल्या म्हाताऱ्या बायकांच्या हनुवटीवर असतो, तसा.

आत्याबाईंनी बाही खाली ओढली. आतून काजळाची डबी आणली आणि निलूच्या हनुवटीवर, बरोबर त्या ठिपक्यावर, तीट लावली. नेहमीपेक्षा मोठी.

तीट टिकली. आम्ही ती रोज लावतो. निलू गालावरची तीट पुसते, कपाळावरची विभूती पुसते, हनुवटीवरची मात्र कधी पुसत नाही. आत्याबाई डबी घेऊन आल्या की ती आपण होऊन मान वर करते आणि डोळे मिटते.